खेळगडी कीं कामकरी?

‘या दोहोंत श्रेष्ठ कोणता?’ हा प्रश्न आम्हां विद्यार्थ्यांच्या तोंडीं नेहमीं असतो. दोन फलंदाजांविषयीं, दोन चित्रपटांविषयीं, दोन मोटारसायकलींविषयीं मधल्या सुटींत वाद रंगतो आणि घंटा झाली म्हणजे निर्णयावांचून संपतो. निर्णय लागत नाहीं याचें कारण वाद घालणारांचें अज्ञान हें नसून, मूळ प्रश्नच अपुरा असतो, असें माझें मत आहे. ‘कशासाठीं श्रेष्ठ?’ आणि ‘कोणासाठीं श्रेष्ठ?’ हे त्याचे दोन भाग आपण विसरतों. गेल्या वर्षीं आमच्या घरीं असाच एक वाद झाला. तो संगणकाच्या प्रोसेसरसंबंधीं होता. त्यांत मी हरलों. परंतु हरतांना जें शिकलों, तें आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढें ठेवावें, या हेतूनें हा लेख लिहीत आहें.

आमचें घर जरीपटक्यांत आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासित बांधवांनीं ही वस्ती स्वकष्टानें नांवारूपास आणली, हें नागपुरांत सर्वांस ठाऊक आहे. व्यापार येथल्या हवेंतच आहे. त्यामुळें पैसा खर्च करण्यापूर्वीं तो कशावर जाणार हें दोनदां विचारण्याची संवय आमच्यासारख्या नोकरदार कुटुंबांतील मुलांसही आपोआप लागते. वडिलांनीं दोन वर्षें थोडी थोडी रक्कम बाजूस टाकून नव्या संगणकाची तरतूद केली होती. घरांत त्याचे हक्कदार दोघे: वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षांत शिकणारी माझी ताई, आणि संध्याकाळीं खेळ खेळणारा मी. जुनें यंत्र चार कोअरचें, सात वर्षांचें आणि दोघांच्याही कामास अपुरें होतें.

आमच्यापुढें दोन नांवें होतीं. दोन्ही एएमडी या एकाच कंपनीचीं, एकाच पिढीचीं आणि मदरबोर्डावरील एकाच एएम५ सॉकेटांत बसणारीं. पहिला रायझेन ९ ९९५०एक्स. हा १५ ऑगस्ट २०२४ रोजीं बाजारांत आला. यांत १६ कोअर असून, वेग जास्तींत जास्त ५.७ गिगाहर्ट्झ आहे. दुसरा रायझेन ७ ९८००एक्स३डी. हा ७ नोव्हेंबर २०२४ रोजीं आला. यांत कोअर ८ च, आणि वेग ५.२ गिगाहर्ट्झपर्यंत. अमेरिकेंत पहिल्याची आरंभींची किंमत ६४९ डॉलर, तर दुसऱ्याची ४७९ डॉलर होती. एवढें ऐकून कोणीही म्हणेल कीं, जो महाग, ज्याचे कोअर दुप्पट आणि ज्याचा वेगही अधिक, तोच श्रेष्ठ. परंतु नवल असें कीं, खेळांच्या परीक्षेंत हा लहान व स्वस्त प्रोसेसर आपल्या थोरल्या भावास मागें टाकतो. असें कां व्हावें?

याचें कारण कॅश मेमरी, म्हणजे प्रोसेसरच्या अगदीं हाताशीं असलेली लहानशी स्मृति. हें समजण्यासाठीं शिंप्याच्या कारखान्याचा दृष्टांत घेऊं. शिंपी कितीही चपळ असला, तरी प्रत्येक वेळीं दोऱ्याचें रीळ आणण्यास त्याला मागच्या गोदामांत जावें लागलें, तर त्याची चपळाई फुकट जाते. रिळांची फळी त्याच्या हाताशीं असेल, तर मध्यम गतीचा शिंपीही पुढें जातो. मोठी मेमरी हें गोदाम, कॅश ही फळी आणि कोअर हा शिंपी. थोरल्या प्रोसेसरांत आठ आठ कोअरांचे दोन गट असून प्रत्येक गटास ३२ मेगाबाइटची फळी आहे. दोन्ही मिळून ६४. धाकट्यांत आठांचा एकच गट, पण त्याची फळी ९६ मेगाबाइटची, म्हणजे तिप्पट. ही जादा स्मृति वेगळ्या चकतीवर करून मूळ चकतीशीं थरावर थर रचावा तशी जोडलेली असते. आधींच्या पिढींत हा थर कोअरांच्या वर असे. त्यामुळें त्यांची उष्णता बाहेर पडण्यास अडथळा होई आणि वेग आवरून धरावा लागे. २०२४ च्या प्रोसेसरांत तो थर कोअरांच्या खालीं नेला. कोअर वर, थंड करणाऱ्या पंख्याच्या बाजूस आले, व वेगही वाढवितां आला. एवढीशी अदलाबदल, परंतु तिच्यामागें केवढी कुशलता आहे!

खेळांत ही फळी उपयोगी पडते, कारण खेळाचें काम अनिश्चित असतें. खेळणारा पुढच्या क्षणीं उजवीकडे वळेल कीं डावीकडे, हें यंत्रास आधीं कळत नाहीं. कोणती वस्तु कोठें आहे, कोणती गोळी कोणास लागली, याचा हिशेब एका सेकंदांत शेंकडों वेळां करावा लागतो, आणि त्यासाठीं माहिती तात्काळ हातीं लागावी लागते. हें काम अनेकांत सारखें वांटतांही येत नाहीं. एकाचें उत्तर आल्यावांचून दुसऱ्यास पुढें जातां येत नाहीं. म्हणून तेथें सोळा कोअरांपैकीं बरेचसे नुसते बसून राहतात.

याच्या उलट ताईचें काम. इमारतीचा नकाशा पुरा झाला म्हणजे तिला त्याचें हुबेहूब चित्र काढावें लागतें. खिडकींतून ऊन कोठें पडेल, भिंतीवरून उजेड कसा परतेल, याचा हिशेब करून यंत्र तें चित्र एक एक ठिपका करून भरतें. त्यास रेंडर करणें म्हणतात. ताई यासाठीं कोरोना नांवाचा जो प्रोग्रॅम वापरते, तो ग्राफिक्स कार्डावर नव्हे, तर प्रोसेसरवरच चालतो. येथें मात्र काम सुरेख वांटतां येतें. चित्राचा हा कोपरा एका कोअरास, तो कोपरा दुसऱ्यास; कोणास कोणाची वाट पाहावी लागत नाहीं. एकच सदरा सोळा शिंप्यांनीं एकदम शिवतां येत नाहीं. परंतु सोळा सदरे सोळा शिंप्यांस खुशाल देतां येतात. जीन अॅमडाल या संगणकशास्त्रज्ञानें १९६७ मध्येंच हें तत्त्व मांडलें होतें कीं, कामाचा जो भाग वांटतां येत नाहीं, तोच शेवटीं एकंदर वेगाची मर्यादा ठरवितो. मग मदतीस कितीही हात आणा.

वांटून काम करण्याची ही कल्पना आम्हां वैदर्भीयांस परकी वाटूं नये. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेनें आपला बलाढ्य महासंगणक भारतास देण्याचें नाकारलें, तेव्हां १९८८ मध्यें पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिच्या प्रयत्नांतून १९९१ मध्यें ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. त्यांत एकच प्रचंड प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नांवाचे अनेक लहान प्रोसेसर एकमेकांशीं जोडून त्यांच्याकडून वांटून काम करून घेतलें होतें. या कार्याचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यांतील मुरंबा गांवचे, आणि त्यांचें अभियांत्रिकीचें शिक्षण आमच्या नागपुरांतलें! ज्या कामाची वांटणी होऊं शकते, तें अनेक सामान्यांनीं मिळून एका असामान्याच्या बरोबरीनें करावें, हा धडा त्यांनीं साऱ्या देशास प्रत्यक्ष करून दाखविला. आजही पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंत पावसाचा अंदाज करतांना आकाशाचे चौकोन पाडून ते असंख्य प्रोसेसरांत वांटले जातात. ताईच्या चित्राचे कोपरे आणि मान्सूनचे चौकोन यांत तत्त्वतः भेद नाहीं.

येथवर वाद शास्त्राचा झाला. घरांतला वाद यापुढें सुरू होतो. माझी बाजू दुबळी होती असें कोणीं समजूं नये. ‘खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय’ हें वडीलधाऱ्यांचें मत पूर्वींइतकें निर्विवाद राहिलेलें नाहीं. २०२३ मध्यें चीनमधील हांगचौ येथें झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत संगणकावरील खेळांस पदकें ठेवलीं होतीं, आणि भारताचे खेळाडूही तेथें उतरले होते. शिवाय धाकट्या प्रोसेसरचा खर्च कमी. वांचलेल्या पैशांत मेमरी वाढवितां आली असती. ताईचें रेंडरचें काम तर रात्रीं चालतें. सर्व झोंपले असतां यंत्रास चार तास लागले काय आणि आठ लागले काय, कोणाचें काय बिघडतें? शिवाय दिवसा नकाशा काढतांना स्केचअपसारखे प्रोग्रॅम बहुतेक एकाच कोअरवर चालतात. तेव्हां तिचे उरलेले पंधरा कोअर रिकामेच बसणार. हा माझा मुख्य मुद्दा होता, आणि वडिलांसही तो पटूं लागला होता.

परंतु खरेदीस महिनाभर अवकाश असतां एक प्रसंग घडला. तो सांगतांना मला संकोच वाटतो. पण तो गाळला तर हा लेख खोटा होईल. ताईचीं चित्रें दुसऱ्या दिवशीं सकाळीं आठ वाजतां द्यावयाचीं होतीं. त्या संध्याकाळीं सहा वाजतां ती यंत्रावर बसणार, तोंच मी विचारलें, ‘ताई, मी थोडा वेळ खेळूं कां?’ ती ‘खेळ’ म्हणाली. माझा थोडा वेळ नऊ वाजतां संपला. तिनें नऊ वाजतां कच्चीं चित्रें लावलीं, तीं अकरा वाजतां हातीं आलीं, आणि तेव्हां तिच्या लक्षांत आलें कीं, दोन चित्रांत जिन्याचा कठडाच उतरला नाहीं. आमच्या जुन्या यंत्रास एक पक्कें चित्र करण्यास सहा तास लागत. दोहोंस बारा तास हवे होते; हातीं नऊच होते. एक चित्र सुधारलें. दुसरें कठड्यावांचून गेलें. मीं मनांत हिशेब केला. तिनें सहा वाजतां आरंभ केला असता, तर चूक आठ वाजतां दिसली असती आणि पुढचे बरोबर बारा तास मिळाले असते. मीं क्षमा मागितली, तेव्हां ती इतकेंच म्हणाली, ‘तूं विचारलें होतेंस, मींच हो म्हटलें.’ तिनें रागावलें असतें तर मला बरें वाटलें असतें.

त्या रात्रीं माझा मुख्य मुद्दा माझ्याच डोळ्यांपुढें कोसळला. यंत्र किती तास रिकामें बसतें आणि किती तास काम करतें, हें मीं मोजलें होतें. मोजावयास हवें होतें तें हें कीं, यंत्रासाठीं माणूस किती तास खोळंबतो. सोळा कोअर दिवसभर स्वस्थ बसले तरी त्यांचें कांहीं जात नाहीं; परंतु ज्या एका रात्रीं चूक सांपडते, त्या रात्रीं तेच कोअर सहा तासांची वाट दीडदोन तासांवर आणूं शकतात. गांवांत विहीर आहे म्हणून आगीचा बंब निरुपयोगी ठरत नाहीं. त्याची किंमत तो वर्षांत किती दिवस उभा असतो यावरून ठरवावयाची नसते.

दुसऱ्या दिवसापासून मीं माझ्या खेळाचाही असाच प्रामाणिक हिशेब मांडला. आमचा पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे एका सेकंदांत साठच चित्रें दाखविणारा. प्रोसेसर दोहोंपैकीं कोणताही घेतला तरी मी खेळतों ते खेळ या संख्येच्या पुष्कळ पुढें जातात. धाकट्यानें सेकंदास कितीही अधिक चित्रें तयार केलीं, तरी पडदा साठांहून अधिक दाखविणार नाहीं आणि माझ्या डोळ्यांस तीं दिसणार नाहींत. शिवाय पडदा मोठ्या रेझोल्यूशनचा असेल, तर सारा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो आणि दोन्ही प्रोसेसरांतील अंतर जवळजवळ नाहींसें होतें. म्हणजे धाकटा घेतल्यास ताईच्या रेंडरचा वेळ थोरल्याच्या मानानें दुपटीच्या आसपास जाणार. थोरला घेतल्यास माझें जें नुकसान होणार, तें मला कळणारही नाहीं. ज्या घरांत एकाचा तोटा प्रत्यक्ष आणि दुसऱ्याचा केवळ कागदावरचा आहे, तेथें न्याय कोणीकडे आहे हें सांगण्यास पंचांची जरूर नाहीं.

येथें कोणी चतुर वाचक विचारील, ‘दोहोंचे गुण एकत्र असलेला प्रोसेसर नाहीं काय?’ आहे. मार्च २०२५ मध्यें आलेल्या रायझेन ९ ९९५०एक्स३डी यांत १६ कोअरही आहेत आणि १२८ मेगाबाइटची फळीही. परंतु जादा स्मृति त्याच्या दोन गटांपैकीं एकासच जोडलेली आहे. खेळ त्या योग्य गटाकडे जावा याची काळजी विंडोज आणि कंपनीचे ड्रायव्हर यांस घ्यावी लागते. त्याची आरंभींची किंमत ६९९ डॉलर होती. ज्यास दोन्ही कामें तोलामोलाचीं आहेत आणि खिसाही जड आहे, त्यानें तो जरूर घ्यावा. आमच्यासारख्यांनीं अंथरूण पाहूनच पाय पसरलेले बरे.

आणखी एक गोष्ट केवळ नागपूरकरांसाठीं. कंपनीच्या पत्रकांत थोरल्याचा आंकडा १७० वॅट आणि धाकट्याचा १२० वॅट दिलेला असतो. जेथें हवा थंड आहे, तेथें हा फरक विजेच्या बिलापुरता असेल. परंतु आमच्याकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि कोणताही पंखा प्रोसेसरास खोलींतील हवेहून थंड करूं शकत नाहीं. तापमान ९५ अंशांस पोंचलें कीं हे दोन्ही प्रोसेसर स्वतःचा वेग आपण होऊन कमी करतात. म्हणून थोरला घेणारानें त्यास थंड ठेवणाऱ्या साधनावर काटकसर करूं नये. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोलींत असेल, तर त्याचा दमट झोत सरळ यंत्रावर येऊं देऊं नये. आणि आंतील धूळ दर महिन्यास झाडावी. या प्रोसेसरांत वीज कमी घेण्याची ‘इको’ व्यवस्थाही असते. ती लावली असतां विजेची व उष्णतेची जितकी बचत होते, त्या मानानें वेगांतील घट थोडी असते. उन्हाळ्याचे तीन महिने आम्ही तीच लावतों.

अखेर आम्ही थोरला घेतला. परंतु यावरून ‘थोरलाच श्रेष्ठ’ असें मीं म्हटल्याचें कोणीं सांगूं नये. ज्याचा पडदा २४० हर्ट्झचा आहे, जो स्पर्धांसाठीं कसून सराव करतो, किंवा ज्यास विमान चालविण्यासारखे हिशेबानें जड खेळ प्रिय आहेत, आणि ज्याच्या घरीं रेंडरसारखें दुसरें काम नाहीं, त्यास धाकटाच योग्य. त्यानें सोळा कोअरांवर अधिक पैसे घालणें हा केवळ डौल होय. आणि ज्यास निबंध लिहावयाचे, शाळेचे प्रकल्प करावयाचे, थोडें प्रोग्रॅमिंग शिकावयाचें, त्यास या दोहोंपैकीं एकाचीही जरूर नाहीं. त्यानें साधा सहा कोअरचा प्रोसेसर घेऊन उरलेले पैसे पुरेशी मेमरी, चांगली एसएसडी आणि वीज गेली असतां काम वांचविणारा यूपीएस यांत घालावे. मेमरी अपुरी असेल तर सोळा शिंपी रिकाम्या गोदामाच्या दारांत उभे राहतात, हें लक्षांत असावें. सीताबर्डीच्या दुकानांत गेल्यावर मोठ्या आंकड्यांनीं मन भुलतें. म्हणून दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वीं पंधरा दिवस एक वही ठेवावी आणि तींत रोज एकच ओळ लिहावी: आज यंत्रासाठीं घरांतील कोण, किती वेळ आणि कशासाठीं खोळंबलें. खरेदीचा सल्ला त्या वहीइतका प्रामाणिकपणें कोणीही देणार नाहीं.

माझा खेळ अजून चालू आहे, आणि खरें सांगावयाचें तर तो पूर्वींपेक्षां फार चांगला चालतो. फक्त संध्याकाळीं बसण्यापूर्वीं आतां माझा प्रश्न बदलला आहे. ‘मी खेळूं कां?’ असें मी विचारीत नाहीं. ‘तुझें कांहीं लावावयाचें आहे कां?’ असें विचारतों. सोळा कोअर घरांत आले तरी हा प्रश्न विचारण्याचें काम त्यांपैकीं एकासही करतां येत नाहीं; तें आपणांसच करावें लागतें.